घुबडाची वामकुक्षी

आमच्या दारावर एक पाटी होती. लाल ॲक्रिलिकवर पांढरी अक्षरं, केबिन रोडवरून मुद्दाम करून आणलेली: 'दुपारी २ ते ४ बेल वाजवू नये.' आमच्या नावाची पाटी तिच्या निम्म्यानेही नव्हती, त्यामुळे या घरात कशाला मान आहे ते येणाऱ्याला दारातच कळायचं. ही झोप आमच्या ह्यांची, सुभाषरावांची. सगळी नोकरी दुपारी आडवं न होता काढली, आता एकेक दुपार वसूल करतोय, असं ते सांगतात. वसुलीचं काम ऑफिसात इतक्या नेटानं केलं असतं तर साहेब होऊन रिटायर झाले असते.

त्याच घराच्या हॉलमध्ये मी पाळणाघर चालवते. भाईंदर पूर्वेला, 'लक्ष्मीछाया' सोसायटीत, तळमजल्यावर. आईबाबा कामावरून येईपर्यंत मुलं माझ्याकडे असतात. सकाळी गाणी-गोष्टी, मग जेवण, आणि दोन ते चार मांजराच्या पावलांनी चालणं. झोपायचं वय मुलांचं आणि झोपतो कोण, तर सोसायटीचा सेक्रेटरी. मुलं मात्र इतकी तयार झाली होती, की कुणाला वेफर्सचं पाकीट फोडायचं असलं तर ते बाल्कनीत नेऊन, मागे दार लावून फोडायची.

दिवाळीची सुट्टी संपून मुलं परत आली, त्याच आठवड्यात इशिताला घुबड सापडलं. इशिता माझ्याकडची सगळ्यांत लहान, नुकती कुठे बूट स्वतःचे स्वतः घालायला शिकलेली, आणि जिन्यात प्रत्येक पायरीवर काहीतरी बघायला थांबणारी. दुसऱ्या मजल्यावरच्या अनिशला घरी सोडायला आम्ही रांगेने निघालो होतो. पहिल्या मजल्याच्या जिन्यातल्या खिडकीशी ती थांबली आणि म्हणाली, "टीचर, अर्धं सफरचंद माझ्याकडे बघतंय."

मी वाकून पाहिलं. खिडकीला लागूनचा फ्लॅट बरेच दिवस बंद आहे आणि त्याच्या फ्लॉवरबेडमध्ये, कुंड्यांसाठीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, जुन्या कूलरचं रिकामं खोकं पडलंय. त्या खोक्यातून खरंच कापलेलं सफरचंद बघत होतं. पांढरा चेहरा, वर मधोमध खाच, आणि बियांसारखे दोन काळे डोळे. गव्हाणी घुबड होतं. त्याच्या मागे मळक्या कापसाचे तीन बोळे दिसत होते. एक मोठं पिल्लू, एक मधलं आणि एक इतकं छोटं, की ते पिल्लांचंच पिल्लू वाटावं.

"ते छोटं माझं," इशिताने जाहीर केलं. उरलेली दोन अथर्व आणि अनिशने वाटून घेतली. ब्रिटनीला आई घुबड मिळालं, म्हणून ती जास्तच खूश झाली. पिल्लं उडायला लागली की सगळ्यांना दाखवीन, असं मी तिथल्या तिथे कबूल करून बसले. मुलांना दिलेला शब्द हा बँकेच्या हप्त्यासारखा असतो, चुकवता येत नाही.

त्या आठवड्यात 'आपले मदतनीस' शिकवायचं ठरलं होतं. पोस्टमन आणि पोलिसांना मी पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि रात्री जागणारे प्राणी घेतले. वटवाघूळ उलटं लटकतं, हे कळल्यावर सोफ्यावरून सगळे उलटे लटकून बघून झाले. घुबडाला आपल्यासारखे डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते अख्खी मान फिरवतं, हे मी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दोन आया मुलांच्या माना दुखतात म्हणून विचारायला आल्या. फ्लॉवरबेडच्या खाली कंपाउंडमध्ये काळपट गोळ्या पडलेल्या असायच्या. सगळ्यांनी एका सुरात 'शी' केलं. मी म्हटलं, शी नाही, उलटी आहे. घुबड उंदीर अख्खाच्या अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून बाहेर टाकतं. त्यानंतर रोज सकाळी मुलं आधी उलटी शोधायची आणि मग चपला काढायची. इशिताने एक डब्यातून घरी नेली. तिच्या आईचा, ममताचा, रात्री फोन आला. तो मी इथे सांगत नाही.

सगळ्यांत रंगला तो घुबड-उंदराचा खेळ. पडदे ओढून घ्यायचे. एकाच्या डोळ्यांवर रुमाल, तो घुबड. दुसऱ्याच्या हातात वेफर्सचं पाकीट, तो उंदीर. पाकीट वाजलं की घुबडाने कानाच्या अंदाजाने उंदीर धरायचा. अथर्वने पहिल्याच झपाट्यात धरला, कारण वेफर्सचा आवाज त्याला वसईहूनसुद्धा ऐकू येतो. मग मी मिक्सर लावला. एकाही घुबडाला एकही उंदीर मिळेना, सगळे एकमेकांवर आदळले. मग मिक्सर बंद केला, रुमाल सोडला, पडदे उघडले आणि म्हटलं, आता धरा. उंदरांना घुबड लांबूनच दिसायला लागलं आणि सगळे पलंगाखाली पळाले.

"मग काय कळलं?" मी विचारलं.

"मिक्सर लावला की घुबड उपाशी," ब्रिटनी म्हणाली.

"अन् लाइट लावली की चूहा भागतो," अनिश म्हणाला.

"मग दिवसा घुबडाने काय करायचं?"

"झोपायचं," ब्रिटनीच म्हणाली. तिची आई पॅट्रिशिया इथे जवळच नर्स आहे, पण त्यांचं घर मूळचं उत्तनच्या कोळीवाड्यातलं. "आमचे ग्रँडपा रातचे बोटीवर जातात, दिवसा झोपतात. त्यांना कोन उठवत न्हाय."

इशिताला एकच काळजी होती, तिचं पिल्लू छोटं का. तिला मी खरं ते सांगितलं. घुबडाची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. मोठं आधी आलं, ते आधी तोंड पुढे करतं. धाकट्याचा नंबर शेवटी. आईबाबांनी भरपूर उंदीर आणले की धाकट्यालाही मिळतं. तिने विचारलं, भरपूर आणतात ना? मी म्हटलं, रोज गोळ्या पडतात, म्हणजे आणतात.

आता सेक्रेटरींकडे येऊ. घुबडाची बातमी कानावर गेली तेव्हा हे आधी हादरले. घुबड म्हणजे अपशकुन, हाकललं पाहिजे. पण घुबडाला दगड मारला तर ते तो दगड पाण्यात नेऊन टाकतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असं त्यांनी लहानपणी ऐकलेलं. कमिटीतल्या सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलेलं. त्यामुळे हाकलायचं यावर एकमत होतं, पण कुणी हाकलायचं यावर होईना.

तेवढ्यात अनिशची आजी, हंसाबेन, खाली आल्या. "सुभाषभाई, क्या बोलते हो. ये तो लक्ष्मीजी का वाहन छे. दिवाली पे सामने से आया. और बिल्डिंग का नाम भी लक्ष्मीछाया."

कालचा अपशकुन आज वाहन झाला. दुपारी बाराला जिन्यातल्या खिडकीशी आरती सुरू झाली, घंटा आणि टाळ्यांसकट. खिडकीच्या कट्ट्यावर पेढे ठेवले जायचे, ते मुंग्या खायच्या. बी विंगमधले लोक येऊ लागले, मग समोरच्या सोसायटीतले. दिवसभर खिडकीशी रांग, मोबाइलचे फ्लॅश, आणि रांगेला शिस्त लावायला आमचे हे. दिवाळीच्या लायटिंगच्या माळा उतरवल्या होत्या, त्या सगळ्या फ्लॉवरबेडभोवती गुंडाळल्या. रात्रभर हिरवं, लाल, निळं, आणि मग सगळं एकदम. देवीच्या वाहनाला अंधारात कसं ठेवायचं, असं ह्यांचं म्हणणं. इतक्या उत्साहाने ह्यांनी माझ्या माहेरच्यांचंही कधी स्वागत केलेलं नाही.

थोड्याच दिवसांत सकाळच्या गोळ्या बंद झाल्या. मुलांनी कंपाउंड पालथं घातलं, एकही मिळाली नाही. दिवसा झोपायचं ते घुबड घंटा वाजली की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. संध्याकाळी पिल्लं खायला मागतात तेव्हा शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा आवाज करतात. घरी जाण्याआधी मुलं तो ऐकायला थांबायची. आता दोनच कुकर वाजत होते.

"माझं बोलत नाही," इशिता म्हणाली.

मी म्हटलं, झोपलं असेल. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मीच खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने जेवायला नकार दिला. तोंड घट्ट मिटून बसली. तिचा नंबर शेवटी, असं तिने ठरवलं होतं, त्याने खाल्लं की मग ती. मी एका पक्षिमित्राला फोन केला. तो म्हणाला, पिल्लांना हात लावू नका, दिवे आणि माणसं तेवढी हटवा, घुबडं त्यांचं बघून घेतील.

दिवे आणि माणसं हटवणं कुणाच्या हातात, तर माझ्याच नवऱ्याच्या. रात्री वाढता वाढता मी विषय काढला. "अहो, घुबडाला आपल्यात दिवाभीत म्हणतात. नावातच सगळं आलं. तुमच्या लायटिंगमुळे त्यांना शिकार मिळत नाही, आणि दिवसा तुम्ही झोपू देत नाही. धाकटं मरेल."

"लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे," हे आमटी ओरपत म्हणाले. "रविवारी मीटिंग आहे, त्यात घेऊ."

"रविवारपर्यंत ते राहायचं नाही."

"मग मी एकट्याने काय करू? तू पाळणाघरातल्या पोरांना शिकव, सोसायटीला शिकवू नकोस."

हे मला लागलं. मी उठून जिन्यात गेले आणि लायटिंगचा प्लग काढला. मी भांडी घासून होईपर्यंत हंसाबेननी 'लाइट गयी क्या' म्हणत तो परत लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्याशी होते. इशितासाठी वरणभात कालवत होते, नाही खाल्ला तरी. हॉलमध्ये नेहमीसारखी शांतता होती, पण तिच्यात कुजबुज होती.

"अंकल पण दिवसा झोपतात," अथर्व म्हणत होता.

"म्हणजे अंकल पण वाहन," अनिश म्हणाला. "आपण अंकलची पूजा केली नाय कधी."

मग चमच्यांचा आवाज आला. मी डोकावले. अनिशच्या हातात माझं ताम्हन, त्यात झेंडूची दोन फुलं आणि चार ग्लुकोज बिस्किटं. ब्रिटनीकडे खेळण्यातली घंटा. अथर्वकडे ढोलक म्हणून डब्याचं झाकण. इशिताकडे, लाइट गेले की लागते ती मोठी टॉर्च, ती तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. रांगेने, मांजराच्या पावलांनी, चौघं बेडरूमकडे निघाली होती.

मुलांना अडवणं हे माझं काम होतं. त्यासाठीच मला पैसे मिळतात. मी गॅस बारीक केला आणि दाराआड उभी राहिले.

हे पाठीवर पडून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. अनिशने कपाळावर एक फूल ठेवलं आणि ब्रिटनीने कानाशी घंटा वाजवायला सुरुवात केली. अथर्वने झाकण बडवलं. हे दचकून उठले, तर तोंडावर टॉर्चचा झोत.

"कोण आहे? काय झालं?"

"अंकल, तुम्ही झोपा," अथर्व समजावून म्हणाला. "आम्ही फक्त दर्शन घेतोय."

"दर्शन? अरे, मी झोपलोय."

"घुबड पण झोपलेलं असतं," ब्रिटनी म्हणाली आणि घंटा परत वाजवू लागली.

अनिशने पाया पडून एक बिस्कीट ह्यांच्या तोंडात सारलं. "परसाद. पूरा खाओ." मग तो वळला आणि मागच्यांना म्हणाला, "लाइन में, लाइन में. धक्का नाय द्यायचा." हा हुबेहूब ह्यांचा आवाज होता. हात पण तसाच कमरेवर.

हे चष्मा चाचपत होते. टॉर्च डोळ्यांत असल्यामुळे तो हाताला लागेना, उशीपाशी शोधता शोधता पाण्याचा तांब्या लवंडला. "अगं, ती बॅटरी बंद कर, मला काही दिसत नाहीये."

इशिताने टॉर्च तशीच धरली. तोवर ती एकटीच बोलली नव्हती. आता बोलली. "मग उंदीर कसा आणणार?"

"कसला उंदीर?"

"त्याच्यासाठी. ते छोटं आहे. त्याचा नंबर शेवटी असतो. ते बोलत नाही आता."

टॉर्चचा झोत थरथरायला लागला, कारण ती रडत होती. मी पुढे होऊन टॉर्च काढून घेतली आणि तिला कडेवर उचललं. हे ओल्या गादीवर, तोंडात अर्धं बिस्कीट घेऊन बसून राहिले. ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. माझी उत्तरं तयार होती, आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं इथपासून पुढे सगळी. एकही द्यावं लागलं नाही.

"शुभदा," ते म्हणाले, "हे असं त्या घुबडाला रोज होतं?"

"दिवसभर. आणि रात्री टॉर्च."

ते उठले. बनियन आणि लेंग्यावरच, हत्यारांच्या पेटीतली पक्कड घेऊन जिना चढायला लागले. कपाळावरचं फूल केसांत अडकून राहिलं होतं, ते कुणी त्यांना सांगितलं नाही. मागून आम्ही सगळे.

त्यांनी माळा सोडवायला घेतल्या तेव्हा आवाजाने हंसाबेन खाली आल्या. "अरे अरे सुभाषभाई, क्या करते हो? पाप लगेगा."

"हंसाबेन, वाहन नाइट ड्यूटी पे है," हे पक्कड हातात धरून म्हणाले. "दिन को सोने नहीं दिया, तो रात को लक्ष्मीजी पैदल आएगी क्या?"

हंसाबेन विचारात पडल्या, पण माळेचं दुसरं टोक त्यांनी सोडलं नाही. तेव्हा अनिश मधे आला. "बा, लाइट से चूहा भाग जाता है. इशिता का बेबी भूखा है."

"भूखा?" हंसाबेननी खिडकीतून वाकून पाहिलं. इतके दिवस रोज पाहत होत्या, पण हात जोडून आणि डोळे मिटून. धाकटं पिल्लू खोक्याच्या कोपऱ्यात मान टाकून बसलं होतं. "मेरे घर के नीचे बच्चा भूखा बैठा है, और मैं पेंडा रखती हूं." मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "चूहा ही चाहिए? दूध नहीं चलेगा?"

"नहीं बा. पूरा का पूरा चूहा," अनिश म्हणाला. "अंदर हड्डी भी."

हंसाबेननी कानांवर हात ठेवले. पण पुढच्या सगळ्या माळा त्यांनीच गुंडाळल्या, पेढे उचलले आणि जिन्यातला बल्बसुद्धा काढून पदराखाली घेऊन गेल्या. लक्ष्मी आपल्या कामाला गेली असेल तेव्हा मागे घर सांभाळायची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली होती. संध्याकाळी बी विंगमधले लोक आले, त्यांना खालच्या खाली परतवलं.

त्या रात्री आमची बिल्डिंग कितीतरी दिवसांनी काळीशार दिसली. मला नीट झोप लागली नाही. सकाळी मुलं यायच्या आधी मी कंपाउंडमध्ये जाऊन आले. काही नव्हतं. इशिता आली, तिनेही बघितलं, आणि चपला काढल्या. त्या दिवशी मला तिच्याशी बोलायचं धैर्य झालं नाही. तिच्या पुढच्या सकाळी मी दूध तापवत असताना बाहेरून तिची हाक आली. ती फ्लॉवरबेडच्या खाली उकिडवी बसली होती आणि तिच्या तळहातावर एक ताजी, ओलसर, काळी गोळी होती. ती मोत्याची कुडी सापडल्यासारखी मला दाखवत होती. मीही तशीच हातात घेतली. घुबडाच्या उलटीला कधी कवटाळीन, असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी खिडकीशी दोन कुकर वाजले. आम्ही तिथेच थांबलो. मग बऱ्याच वेळाने तिसरा वाजला, बारीक आणि रागावलेला. इशिताने दोन पोळ्या खाल्ल्या, आणि वर अथर्वचं पाकीटही.

पाटी गेल्याचं माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं. दारावर नुसती चार भोकं होती. वर जाऊन बघितलं तर ती जिन्यातल्या खिडकीच्या खाली लावलेली. 'दुपारी २ ते ४' वर पांढरा कागद चिकटवून ह्यांनी आपल्या वळणदार ऑफिसी अक्षरात लिहिलं होतं: 'दिवसभर'. पुढचं 'बेल वाजवू नये' तसंच ठेवलं होतं, तिथे बेल नव्हती तरी.

पिल्लं उडाली ती नाताळच्या जरा आधी, अंधार पडता पडता. आम्ही सगळे कंपाउंडमध्ये माना वर करून उभे होतो. ममता ऑफिसातून तशीच आली होती, पर्ससकट. मोठं गेलं, मधलं गेलं. धाकटं कट्ट्यावर येऊन बराच वेळ मान वाकडीतिकडी करत बसलं. "नंबर आला तुझा," इशिता त्याला म्हणाली. आणि ते गेलं, आमच्या डोक्यांवरून, इतकं बिनआवाजी की फक्त वारा बदलल्यासारखं वाटलं. हंसाबेननी हात जोडले, पण टाळी वाजवली नाही.

अजून ती सगळी दिवसा झोपायला त्याच खोक्यात येतात. म्हणून मी ह्यांना म्हटलं, आता आपल्यासाठी दुसरी पाटी करून आणा. आणतो, आणतो म्हणतात आणि आणत नाहीत. परवा भर अडीचला बेल वाजली. मी मुलांना थोपटत होते, म्हणून हेच उठले, धडपडत, डोळे चोळत. दारात कुरियरवाला मोठ्याने नाव विचारत होता. आता बिचाऱ्याची धडगत नाही, असं मला वाटलं.

"हळू बोल रे," हे कुजबुजले. "वर पोरं झोपलीत."